टॉवर बंद पडला की निरोप कोण नेतो?

पावसाळ्यातली ती रात्र आपल्यापैकी बऱ्याच जणींनी काढलेली आहे. आधी लाईट जाते. दोन-चार तासांनी टॉवरची बॅटरी संपते. मग मोबाईलवरच्या दांड्या एकेक करून उतरतात आणि हातात राहतो तो नुसता टॉर्च. नाल्यापलीकडच्या वावरात गेलेला माणूस परत आला की नाही, हे विचारायलाही मार्ग उरत नाही.

२२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला. चाळीसहून जास्त माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. त्याआधी २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली होती. पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण, वर्धा, एवढ्या नद्या आपल्या जिल्ह्याला आहेत. प्रत्येक पुरात पहिला प्रश्न एकच येतो : कोण कुठे अडकले आहे, किती जण आहेत आणि हे तालुक्याला कळवायचे कसे?

आज आपण एका जुन्या, पण अजून कामाच्या साधनाबद्दल बोलणार आहोत. त्याचे नाव पॅकेट रेडिओ. नावाला घाबरू नका. बचत गटाचे रजिस्टर ज्या बाईला नीट ठेवता येते, तिला याचे निम्मे अधिक सहज समजेल.

आधी हौशी रेडिओ म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत याला हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे. पैसे कमवायचे नाहीत. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. आपले हे सामुदायिक रेडिओ केंद्र वेगळे. आम्ही इथून बोलतो आणि तुम्ही ऐकता, पण तुम्हाला त्याच रेडिओवरून उत्तर देता येत नाही. हॅममध्ये दोन्ही बाजू बोलतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्या सासूबाईंना नक्की आठवत असेल. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले आणि पहाटे किल्लारीला जमीन हलली. हजारो माणसे घरांखाली गेली. तेव्हा मोबाईल नव्हते आणि टेलिफोनच्या तारा तुटलेल्या होत्या. त्या दिवसांत हौशी रेडिओवाले आपापली यंत्रे घेऊन लातूर-उस्मानाबादकडे गेले आणि निरोप ने-आण करू लागले.

दुसरी गोष्ट एका बाईची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या हौशी रेडिओचालक अंदमानात पोर्ट ब्लेअरला तुकडी घेऊन गेल्या होत्या. काम छंदाचेच होते. अंदमानातून फार वर्षांत कोणी हौशी रेडिओ लावला नव्हता आणि जगभरचे लोक तिथला आवाज पकडायला टपून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला. ज्या यंत्रावरून आदल्या दिवसापर्यंत गप्पा चालल्या होत्या, त्याच यंत्रावरून त्या आता कोण जिवंत आहे, कोण सापडत नाही, हे मुख्य भूमीला कळवू लागल्या. यंत्र लावलेले होते, हाताला सवय होती, म्हणूनच ते जमले. संकट आल्यावर खोके उघडून माहितीपत्रक वाचायला घेतले असते, तर काही झाले नसते.

पण तोंडाने बोलून निरोप देण्यात एक मोठी अडचण आहे. समजा ऐंशी जणांची यादी पाठवायची आहे. एक जण नाव वाचतो, दुसरा लिहून घेतो, खरखरीत ‘राठोड’चे ‘राऊत’ ऐकू येते, पुन्हा विचारा, पुन्हा सांगा. तोवर दुसऱ्या कोणाला मधे बोलता येत नाही. आणि घरातले माणूस गेले की दवाखान्यात आहे, हे एका चुकीच्या अक्षरावर ठरू नये.

पॅकेट रेडिओ हीच यादी लिहून पाठवतो. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तुकड्याचा क्रमांक टाकायचा. शेवटी तपासणीचा एक आकडा जोडायचा. मग हे सगळे आवाजात बदलून रेडिओवर सोडायचे. ऐकायला ते कर्कश करकर वाटते. पलीकडचे यंत्र त्या आवाजाची परत अक्षरे करते आणि तपासणीचा आकडा जुळवते. जुळला तर ‘पोचले’ अशी पोच पाठवते. जुळला नाही तर तो तुकडा फेकून देते. पाठवणारा पोचीची वाट पाहतो, आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. त्यामुळे अर्धेमुर्धे, चुकीचे अक्षर शक्यतो पलीकडे जातच नाही. गटात पैसे दिले की सही घेतो ना आपण, तशीच ही सही.

याची सुरुवात बेटांवरच झाली. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. १९७८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या हौशी लोकांनी तीच युक्ती उचलली. १९८४ मध्ये त्याचे नियम एकसारखे लिहिले गेले, त्यांना एएक्स.२५ म्हणतात. तेच नियम आजही चालतात. आता महाग यंत्र लागत नाही. वहीच्या पानात मावेल एवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, डायरवुल्फसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आणि एक हॅम रेडिओ एवढ्यावर काम भागते.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उमरखेडहून यवतमाळला निरोप न्यायचा आहे. या रेडिओच्या लहरी साधारण सरळ जातात, आणि पृथ्वी गोल असल्याने अँटेनाच्या उंचीवर पल्ला ठरतो. हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, म्हणजे किलोमीटर येतात. २५ मीटरच्या पाण्याच्या टाकीवरून साधारण २० किलोमीटर. समोरही तेवढीच टाकी असेल तर दोन्ही मिळून ४१. घराच्या गच्चीवर ९ मीटरला मात्र १२ च. हे सपाट जमिनीचे झाले. मधे टेकडी आली की हिशेब मोडतो. पुसद टेकड्यांच्या कुशीत बसलेले आहे, तिथल्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मधे टप्पे लागतात. कागदावर मांडू : उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. म्हणजे तीन टप्पे. मधल्या ठिकाणी जे यंत्र ठेवायचे, ते दोन तऱ्हेचे असते.

पहिली तऱ्हा म्हणजे ऐकले ते जसेच्या तसे पुन्हा बोलणारे यंत्र. ते पोच देत नाही. पोच थेट यवतमाळहून उमरखेडला यावी लागते. समजा प्रत्येक टप्प्यावर १० पैकी ८ तुकडे नीट जातात. तीन टप्पे ओलांडून १०० पैकी ५१ च यवतमाळला पोचतील. पोच परतताना तितकीच गळती होणार. म्हणजे १०० पैकी फक्त २६ वेळा काम पहिल्या फटक्यात होईल. बाकीच्या वेळी उमरखेडने सगळा तुकडा पहिल्यापासून पाठवायचा.

दुसरी तऱ्हा म्हणजे नोड. नोड तुकडा स्वतःच्या हातात घेतो, मागच्याला पोच देतो आणि पुढच्या टप्प्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. आर्णी ते यवतमाळ बिघडले तर आर्णीच पुन्हा पाठवेल, उमरखेडला त्रास नाही. त्याच हवेत आता प्रत्येक टप्प्यावर १०० पैकी ६४ वेळा पहिल्या फटक्यात काम होते. स्लॅब टाकताना घमेली हातोहात देणाऱ्या बायांची रांग आठवा. एकीच्या हातून घमेले सुटले तर खालच्या बाईला पहिल्यापासून चढून यावे लागत नाही. आमचे मत विचाराल तर दोनपेक्षा जास्त टप्पे असतील तिथे नोडच हवा.

नोड लावताना भरायच्या गोष्टी फार नाहीत, पण प्रत्येकीचा अर्थ कळला पाहिजे. आधी नाव. परवान्यासोबत सरकार एक हाकेचे नाव देते, त्याला कॉल साइन म्हणतात. भारतात ते व्हीयू अक्षरांनी सुरू होते. त्याच नावापुढे ० ते १५ पर्यंतचा आकडा जोडून एकाच माणसाची वेगवेगळी यंत्रे ओळखता येतात. एक नोड, एक टपालपेटी, एक घरचे यंत्र. एकाच घरातल्या थोरली, मधली, धाकटीसारखे हे. दोन यंत्रांना चुकून एकच आकडा दिला तर दोघीही एकाच हाकेला ओ देतात आणि गोंधळ होतो.

मग वाट पाहण्याचा वेळ. विहिरीवरची मोटार सुरू केली की पाणी पाइपाच्या तोंडाशी यायला क्षणभर लागतो. रेडिओचेही तसेच आहे. बोलायचे बटण दाबले की पूर्ण जोर यायला थोडा वेळ लागतो. साधारण ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वेळ ठेवून सुरुवात करतात. कमी ठेवला तर तुकड्याचे डोके कापले जाते आणि पलीकडे काहीच उमटत नाही. नवख्यांचे यंत्र ‘बिघडले’ म्हणतात ते बऱ्याचदा एवढ्यावरूनच असते. फार जास्त ठेवला तर प्रत्येक तुकड्याला हवा फुकट जाते.

तिसरी गोष्ट बोलण्याची पाळी. सगळ्यांची हवा एकच आहे. गटाच्या बैठकीत एक जण थांबली की चौघी एकदम बोलू लागतात ना? यंत्रेही तेच करतात. म्हणून प्रत्येकाला सांगून ठेवायचे : हवा मोकळी झाली तरी लगेच उडी मारू नको, आधी मनातल्या मनात फासा टाक. ६३ हा आकडा भरला की चारातून एकदाच बोलण्याचे दान पडते. नाही पडले तर सेकंदाचा दहावा भाग थांब आणि पुन्हा फासा टाक. नोडवर गर्दी वाढली की हा आकडा कमी करायचा. बरेच जण उलट करतात, आपला निरोप जात नाही म्हणून वाढवतात, आणि मग कोणाचाच जात नाही.

यात एक गोम आहे. उमरखेड आणि आर्णी दोघेही महागावला ऐकतात, पण एकमेकांना ऐकत नाहीत. दोघांनाही हवा मोकळी वाटते आणि दोघे एकदम बोलतात. महागावच्या कानात नुसता कालवा. यावर आकडे बदलून पूर्ण इलाज होत नाही. मोठ्या जाळ्यात म्हणूनच नोडनोडमधल्या बोलण्याला वेगळी वारंवारता ठेवतात.

चौथी गोष्ट वाटांची. नोड ठरावीक वेळाने, बहुधा तासातून एकदा, ओरडून सांगतो की मला कोण कोण माहीत आहे. शेजारी ते ऐकून आपला तक्ता भरतात. प्रत्येक वाटेला २५५ पैकी गुण असतात. शेजाऱ्याला १९२ दिले, तर त्याच्या पलीकडच्याचे १४४ होतात, त्याच्याही पलीकडे १०८. जिथे जास्त गुण तिकडून निरोप जातो. महागाव बंद पडले तर पुसद, दिग्रस, दारव्हा अशी दुसरी वाट तक्त्यात असावी, यासाठी हा खटाटोप.

तक्ता आपोआप भरतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीलगत थंड हवा बसते आणि वर गरम हवा राहते. अशा वेळी लहरी वाकून भलत्याच दूर जातात. नोडला शंभर-दीडशे किलोमीटरवरचा कोणी ऐकू येतो, तो खुशीत तक्त्यात लिहून टाकतो, ‘थेट वाट मिळाली.’ ऊन चढले की ती वाट नाहीशी होते, पण तक्त्यातले नाव राहते, आणि निरोप तिकडेच धडका देत बसतात. तसेच मेलेल्या नोडचे. त्याचे नाव आपोआप पुसले जायला सहा तास लागू शकतात. पुरात सहा तास म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून नोड सांभाळणाऱ्याने खात्रीच्या वाटा हाताने पक्क्या करायच्या आणि खोट्या खोडायच्या. किराणा उधारीच्या वहीसारखी ही वही रोज पाहावी लागते.

सांभाळणारा दुसऱ्या गावाहून, रेडिओवरूनच, नोडचे आकडे बदलू शकतो. पण हवेतले बोलणे सगळ्यांना ऐकू येते, मग पासवर्ड कसा सांगायचा? जुन्या लोकांनी छान तोड काढली. नोडमध्ये एक लांब गुपित ओळ आधीच भरून ठेवायची. आत यायचे म्हटले की नोड पाच आकडे देतो, समजा ७, २२, ३, १५, ९. आपण त्या त्या जागेवरची पाच अक्षरे पाठवायची. पुढच्या वेळी आकडे वेगळे. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती पाच सुटी अक्षरे लागतात, अख्खी ओळ लागत नाही.

विजेचा हिशेब मात्र बायकांनी स्वतः करून पाहावा, कारण जाळी इथेच मरतात. नुसते ऐकत बसायला रेडिओ आणि छोटा संगणक मिळून साधारण पाऊण ते एक अ‍ॅम्पिअर खातात. बोलताना पाचाच्या वर जाते. दिवसाचा दहावा हिस्सा बोलण्यात गेला तर चोवीस तासांत तीसेक अ‍ॅम्पिअर-तास झाले. १०० ची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरावी म्हणतात, म्हणजे दीड दिवस. फवारणीच्या पंपातली १२ व्होल्टची बॅटरी सहसा ८ ची असते, तिच्यावर आठ-दहा तास ऐकणे होईल. सोलर लावा, पण ज्या आठवड्यात गरज, त्याच आठवड्यात ऊन नसते. मग बोलणे कमी करायचे. ‘मी आहे, मी आहे’ अशी दर मिनिटाची हाक बंद करून अर्ध्या तासावर आणायची. आणि बटण दाबलेलेच अडकले तर यंत्र स्वतः बंद होईल, अशी वेळमर्यादा लावायचीच. उंदराने एक तार कुरतडली की अख्ख्या तालुक्याची हवा एका मुक्या यंत्राने अडवून ठेवलेली असते. वीज कडाडू लागली की अँटेनाची तार काढून बाजूला ठेवायची, हेही त्यातच आले. उंच टाकीवरचा खांब आणि आपल्याकडची वीज यांचे नाते सांगायची गरज नाही.

हे सगळे फार हळू चालते, हे कबूल करतो. साधा वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे फार तर १५० अक्षरे, तीही इंग्रजी. मोबाईलवरचा एक एमबीचा फोटो पाठवायला अगदी काही अडथळा आला नाही तरी पावणेदोन तासांवर लागतील. आणि आपली देवनागी तीनपट जागा खाते. संगणकात देवनागरीचे एकेक चिन्ह, काना-मात्राही, तीन घरे घेते. एका तुकड्यात २५६ घरे. म्हणजे मराठीची पंच्याऐंशी चिन्हे भरली की तुकडा संपला. म्हणून हॅमवाले मराठी निरोप बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत लिहितात. तेही चालेल, फक्त नावांचे स्पेलिंग आधी ठरवून घ्यावे.

इथे तुमचे काम येते, आणि त्याला परवाना लागत नाही. निरोप लिहिणे. ‘गावात पाणी शिरले, लवकर या’ हा निरोप तालुक्याला पोचला तरी तहसीलदार काय करतील? किती बोटी पाठवतील? आता हा पाहा : ‘ता. २२ सकाळी ६.४०. तांडा, नाल्याच्या पूर्वेला, शाळेच्या गच्चीवर ३१ जण. गरोदर २, एकीला नववा. इन्सुलिनवाले १, औषध संध्याकाळपर्यंत. पाणी चौथ्या पायरीला, चढते आहे.’ दोन-तीन तुकड्यांत बसतो आणि वाचणाऱ्याला लगेच हालचाल करता येते. पायरीचा आकडा आणि वेळ विसरू नका. दोन तासांनी दुसरा निरोप आला, ‘सहाव्या पायरीला’, की पाणी किती वेगाने चढते तेही कळते. गटाच्या बैठकीत एकदा असे चार निरोप लिहून पाहा, मोठ्याने वाचा, आणि काय सुटले ते दुसरीला सांगू द्या.

एक जपायचे. हॅममध्ये गुप्त भाषा वापरायला बंदी आहे. जे जाईल ते कोणीही वाचू शकतो. एखादीचा आजार, घरातला छळ, असले काही नावासकट टाकू नका. ‘एका बाईला डॉक्टर तातडीने हवा’ एवढ्यावर काम होते.

बाजारात, फोनवर मागवून, स्वस्त हातातले वॉकीटॉकी मिळतात. त्यांतल्या अनेकांवरून परवान्याशिवाय बोलणे गुन्हा आहे, गटाच्या पैशातून ते घेऊ नका. परवाना प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाने मिळतो. त्यावर केंद्राचा पत्ता असतो, म्हणून टाकीवर किंवा दुसऱ्या गावात नोड ठेवण्याआधी त्याची परवानगी विचारून घ्यायची. ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा. या यंत्रावरून धंद्याचे बोलता येत नाही, म्हणजे कापसाचा भाव किंवा पापडाची ऑर्डर नाही. पूर, भूकंप अशा आपत्तीत मात्र दुसऱ्यांचे निरोप नेता येतात.

परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभाग घेतो, अर्ज त्यांच्या सरल संचार या संकेतस्थळावर भरायचा. आपल्याला जवळचे केंद्र नागपूर. वयाची अट १२ वर्षे पूर्ण, वरची मर्यादा नाही. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत. पहिल्यात मोर्सची कटकट येत नाही. वीज आणि रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम, एवढाच अभ्यास. ज्यांच्या घरात बारावी विज्ञानाची किंवा आयटीआयची मुलगी आहे, तिला अर्धा अभ्यासक्रम आधीच येतो. अर्ज भरण्यापासून परवाना हातात येईपर्यंत महिने जातात, तेव्हा पुढच्या पावसाळ्यासाठी दिवाळीच्या आतच फॉर्म भरायला बसा. फॉर्म भरताना अडले तर केंद्रावर या, आम्ही संगणकासमोर सोबत बसू.